दोमिएची शिळाचित्रे

चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट खडूने चित्र काढावे, शिळा पाण्याने ओली करून तिच्यावरून शाईचा रूळ फिरवावा, आणि ओल्या भागाला न धरणारी शाई नेमकी खडूच्या रेषांवर बसावी, हा शिळाछापाचा विधी जुन्या पोथ्यांमुळे आपल्या परिचयाचा आहे. परंतु याच कारागिरीतून ज्याने एका अख्ख्या समाजाची झडती घेतली, तो ओनोरे दोमिए हा फ्रेंच चित्रकार आपल्याकडे व्हावा तितका परिचित झालेला नाही.

१८०८ साली मार्सेय येथे एका काच-कारागिराच्या घरी जन्मलेल्या दोमिएने कोवळ्या वयात पॅरिसमध्ये कोर्टाच्या एका बेलिफाकडे हरकाम्याची नोकरी केली. पुढे शार्ल फिलिपाँ यांच्या नियतकालिकांसाठी तो चित्रे काढू लागला, आणि रयतेच्या करांनी भरलेल्या टोपल्या अजस्र मुखाने गिळणारा लुई फिलिप राजा रेखाटल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची कैद झाली. १८३५ मध्ये तर सरकारच्या मंजुरीवाचून चित्र छापण्यास मनाई करणारा कायदाच जारी झाला. राजाचे द्वार असे बंद झाल्यावर ‘शारिवारी’ या दैनिकाच्या पानांवर भामटे दलाल, घरमालक, मध्यमवर्गीय दांपत्ये अवतरली. ही सक्ती त्याच्या कलेला इष्टापत्तीच ठरली, असे माझे मत आहे. कारण राजावरील टीका राजाबरोबर शिळी होते, सुखवस्तू मनुष्याच्या आत्मसंतुष्टतेला मात्र कालमर्यादा नसते. लेखन करणाऱ्या स्त्रियांची त्याने केलेली थट्टा तेवढी अन्यायाची आहे, आणि तिचे समर्थन मी करणार नाही.

त्याची दृष्टी सर्वांत खोल गेली ती १८४५ पासून प्रसिद्ध झालेल्या, न्यायालयीन मंडळींवरील मालिकेत. तिच्यातील एका चित्रात दावा हरलेली स्त्री रडत चालली आहे, सोबत तिचे मूल आहे, आणि नाक वर करून मिरवणारा वकील तिचे सांत्वन करतो आहे की, निकाल विरुद्ध गेला हे खरे, पण माझे भाषण ऐकण्याचे सुख तर तुम्हांला लाभलेच! त्या वकिलाच्या काळ्या झग्याचा डौल पाहावा आणि मग त्या स्त्रीची खचलेली मान पाहावी; बेलिफाच्या कचेरीत वाढलेल्या मुलाने फिर्यादींमागची माणसे किती जवळून न्याहाळली होती, हे तेथे कळते. अशी सुमारे चार हजार शिळाचित्रे त्याने काढली, आणि वर्तमानपत्री चित्रे म्हणून त्यांना त्याच्या तैलचित्रांहून खालचे आसन देणे मला तरी मान्य नाही.