वाळू नसलेले वाळवंट

मराठी माणसाला वाळवंट हा शब्द दोन तऱ्हांनी ठाऊक आहे. एक वाळवंट पंढरपूरचे, चंद्रभागेच्या काठचे. आषाढीला तिथे पाऊल ठेवायला जागा नसते. दुसरे वाळवंट शाळेच्या पुस्तकातले: वाळू, उंट आणि मृगजळ. एखाद्याच्या आयुष्याचे वाळवंट झाले असे आपण म्हणतो, तेव्हा मनात असते ते हे दुसरे. आज मी ज्या वाळवंटाविषयी बोलणार आहे, ते या दोन्हींत बसत नाही. तिथे गर्दी नाही आणि वाळूही नाही. आहे तो नुसता खडक.

गेल्या फेब्रुवारीत एका कविसंमेलनासाठी जोधपूरला गेलो होतो. कार्यक्रम संपला आणि परतीच्या गाडीला एक दिवस उरला. बरोबरची मंडळी बांधणीच्या साड्या पाहायला बाजारात गेली. मी पाण्याच्या दोन बाटल्या आणि कागदात बांधलेल्या दोन कांदा-कचोऱ्या पिशवीत टाकल्या आणि मेहरानगड किल्ल्याच्या बाजूला निघालो. किल्ल्याला लागूनच सुमारे ७० हेक्टरांचे, म्हणजे पावणेदोनशे एकरांचे एक उद्यान आहे. राव जोधा डेझर्ट रॉक पार्क त्याचे नाव. ज्याने १४५९ मध्ये हा किल्ला बांधायला घेतला, त्या राव जोधाचे नाव त्याला दिले आहे. सिंघोरिया पोल या जुन्या वेशीतून आत जायचे, तिकीट काढायचे आणि रंगांच्या खुणा पाहत पायवाटेने चालू लागायचे. घाई केली तर दोन तासांत बाहेर पडता येते. मला घाई नव्हती. सकाळी आठला आत गेलो तो ऊन उतरल्यावर बाहेर आलो.

उद्यान म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर हिरवळ येते, कारंजे येते, बाक येतात. इथे यातले काही नाही. वाट आधी एका जुन्या पाटात उतरते. पावसाचे पाणी तलावांकडे नेण्यासाठी माणसांनी छिन्नी-हातोड्याने हा पाट खडकात कोरून काढला आहे. त्याला हाथी नहर म्हणतात. दोन्ही बाजूंना तांबूस-जांभळ्या खडकाच्या भिंती. त्यात उतरलो आणि शहराचा आवाज कुणी दार लोटून घ्यावे तसा थांबला. ऐकू येत होता तो माझ्याच चपलांचा आवाज, आणि मधूनच एखाद्या वेड्या राघूची किणकिण.

मी बी.ए. झालेला माणूस, भूगर्भशास्त्र माझा विषय नाही. पण आत लावलेल्या माहितीवरून कळले, की हा खडक ज्वालामुखीतून आला आहे. त्याला ऱ्हायोलाइट म्हणतात आणि त्याचे वय सुमारे ७५ कोटी वर्षे आहे. आपला सह्याद्रीचा काळा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. 'राकट देशा, कणखर देशा' म्हणून ज्या कातळाचा आपल्याला अभिमान, तो या खडकापुढे कालचा पोर ठरतो. मी खडकावर हात ठेवला. सकाळी तो गार होता. दुपारी त्याच खडकावर तळहात टेकवेना.

झाडे कशी होती ते सांगतो. बहुतेक सगळी निष्पर्ण. कुमटियाच्या पांढुरक्या फांद्या आभाळाकडे पाहत उभ्या. त्याचा डिंक निघतो आणि बिया भाजीत पडतात. गुग्गुळाची बुटकी, वेडीवाकडी झुडपे, साल कागदासारखी सुटलेली. धूप घालताना ज्याचा वास आपल्या घरांत दरवळतो तो हा गुग्गुळ. त्याच्या डिंकासाठी इतकी ओरबाड झाली, की आज तो नाहीसा होण्याच्या धोक्यात असलेल्या वनस्पतींत मोजला जातो. आणि सगळीकडे थोर. दिसायला निवडुंगासारखा, पण त्याच्या कुळातला नव्हे. पावसात त्याला पाने येतात आणि पाऊस सरला की गळून जातात. मी गेलो तेव्हा त्याच्या काटेरी दांड्यांवर बारीक लाल फुले होती. जोधपूरला पाऊस पडतो वर्षाला ३५ ते ४० सेंटिमीटर, आमच्या सोलापूरच्या जेमतेम निम्मा. एवढ्या पाण्यात जगायचे तर पानांचा संसार आवरता घ्यावा लागतो. ही झाडे मेलेली नसतात. ती खर्च कमी करून बसलेली असतात. दुष्काळ पाहिलेल्या घरातल्या बायांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी याच जागी बाराही महिने हिरवीगार दिसणारी झाडे होती. ती मुद्दाम काढून टाकली आहेत. हे ऐकून तुम्ही चमकाल, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

ते झाड म्हणजे बावलिया. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. सोलापूरपासून विदर्भापर्यंत रेल्वेच्या कडेने, ओढ्याच्या काठाने, पडक्या शेतात ती तुम्ही पाहिलेली आहे. मूळची ती मेक्सिको, कॅरिबियन बेटे या बाजूची. १९३० च्या दशकात जोधपूर संस्थानात तिचे बी विमानातून विखुरले गेले, असे सांगतात. १९४० मध्ये संस्थानाने तिला राजवृक्षाचा मान दिला. हेतू वाईट नव्हता. वाळू थोपवावी, गरिबाला सरपण मिळावे, उजाड जमीन हिरवी व्हावी. पण वेडी बाभूळ आली आणि पसरतच गेली. शेळ्या शेंगा खातात, बी लेंड्यांतून लांबवर जाते. तोडली तर एका बुंध्याचे चार बुंधे होतात. तिच्या पाल्याखाली दुसरे बी सहसा रुजत नाही. बघता बघता हा सगळा खडक तिने झाकून टाकला.

२००६ मध्ये मेहरानगड म्युझियम ट्रस्टने हा खडकाळ भाग हिरवा करण्याचे काम प्रदीप कृष्ण यांच्याकडे सोपवले. हे गृहस्थ आधी चित्रपट दिग्दर्शक. 'मॅसी साहब' त्यांचाच. पुढे झाडांच्या नादी लागले आणि दिल्लीच्या झाडांवर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांनी नवे काही आणून लावण्याआधी, या खडकावर मुळात काय उगवत असेल याचा शोध घेतला. मारवाडातल्या अशाच खडकाळ जागा हिंडून तिथली झाडे, झुडपे, गवते हेरली. पण आधी बावलिया काढायचा होता, आणि त्याची मुळे खडकाच्या भेगांत हात-दीड हात खोल रुतलेली. तेवढे मूळ निघाले नाही तर तो पुन्हा फुटतो. शेजारी किल्ला असल्यामुळे सुरुंगाचा प्रश्नच नव्हता. अखेर मदतीला आले खंडवालिये, जोधपूरच्या दगडखाणींत पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे.

दुपारी एका कपारीच्या सावलीत कचोरी खात बसलो होतो, तेव्हा त्यांच्यातलाच एक जण तिथे आला. साधारण माझ्याच वयाचा. दिवसभरात मी बोललो तो एवढ्या एकाच माणसाशी. मी अर्धी कचोरी पुढे केली. ती त्याने घेतली आणि म्हणाला, "भाईसा, अकेले आए हो?" मी हो म्हटले. मुळांचे विचारल्यावर त्याने एक धोंडा उचलून खडकावर दोन ठिकाणी ठोकला. "फर्क सुनो." पहिला आवाज घट्ट होता, दुसरा किंचित पोकळ. पोकळ आवाज आला की तिथे भेग आहे, तिथे छिन्नी लावायची. नुसत्या कानाने खडकाच्या आतले कळायचे. मी जन्मभर शब्दांचा आवाज ऐकत आलो, पण दोन ठोक्यांतला तो फरक मला तिसऱ्या वेळी कळला. मूळ उपटून झालेल्या खड्ड्यातच मग माती भरून इथले रोप लावले जाई.

"सगळा बावलिया संपला का?" मी विचारले. तो हसला. "खतम कहाँ होता है! हर बरसात में देखना पड़ता है." बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून काम संपत नाही.

तो गेल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. खरे सांगायचे तर मन थोडे अस्वस्थ होते. 'मूळचे' आणि 'परदेशी' हे शब्द झाडांच्या पाटीवर वाचताना कुणाला काही वाटत नसेल. मला वाटते. नवख्या ठिकाणी मी नाव सांगितले की प्रश्न येतो, "मूळचे कुठले?" सोलापूरचा म्हटले की, "नाही, त्याआधी?" आणि वर, "तुमचे मराठी किती छान आहे हो!" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काही नसते. पण माझी आई मराठीतून ओव्या म्हणत जात्यावर बसायची, आणि मी दुसऱ्या कुठल्या भाषेत स्वप्नही पाहिलेले नाही. त्यामुळे जे बाहेरून आले ते उपटा, असा धडा कुणी या खडकावरून घेऊ लागला तर मला तो पटणार नाही. शिवाय याच वेड्या बाभळीच्या सरपणावर आमच्या घरच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या. आजही कितीतरी घरांत भाजल्या जातात.

पण त्या खडकावर बसून विचार केला, तेव्हा ध्यानात आले की इथला हिशेब जन्मगावाचा नाहीच. थारची लाडकी खेजडी, म्हणजे आपली शमी, आणि हा बावलिया एकाच कुळातले, अगदी जवळचे भाऊबंद. पण खेजडीखाली बाजरी चांगली पिकते, म्हणून शेतकरी तिला शेताच्या मधोमध राखतो. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० मध्ये हीच झाडे वाचवताना अमृतादेवी आणि तिच्यासह ३६३ बिश्नोई माणसांनी प्राण दिले. बावलियाखाली मात्र दुसरे काही तगत नाही. कूळ एक, वागणे निराळे.

त्या रात्री जेवणात पंचकुटा नावाची मारवाडी भाजी होती. तिच्यात कैर, सांगरी, कुमट आणि गुंदा हे चार वाळवलेले जिन्नस थारच्या मातीतले. सांगरी म्हणजे खेजडीचीच शेंग. पाचव्या जागी कुठे आमचूर असतो, कुठे सुकी लाल मिरची. आमच्या भाजीत मिरची होती. आणि मिरची कुठली? मेक्सिकोकडची, म्हणजे बावलियाच्याच मुलखातली. तिला या ताटातून कुणी उठवणार नाही. आपली ज्वारीसुद्धा हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली, आणि आज भाकरीशिवाय मराठी घर ओळखू येत नाही. बाहेरून येणे हा गुन्हा नसतो. आल्यावर शेजाऱ्याला जगू देता की नाही, एवढाच प्रश्न. आणि हा प्रश्न आधीपासून राहणाऱ्यांनाही तितकाच लागू आहे.

या भटकंतीतून आणखी एक गोष्ट मी सोलापूरला घेऊन आलो. जी जागा हिरवी नाही ती रिकामी, अशी आपली समजूत असते. रिकामी म्हणून मग ती भरायची. कागदोपत्री आपण तिला 'पडीक' म्हणतो आणि पहिला पाऊस पडला की खड्डे खणायला धावतो. आमच्या शेजारी नान्नजला १९७९ पासून माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. माळढोकाला दाट झाडी नको असते. त्याला मोकळा, गवताळ माळ लागतो. आपण कौतुकाने झाडे लावत गेलो तर त्याची उरलीसुरली जागाही जाते. आज हा पक्षी देशात फार थोडा उरला आहे, आणि जो आहे तो मुख्यतः राजस्थानच्या थारमध्ये. तिथे त्याला गोडावण म्हणतात.

मी झाडे लावण्याच्या विरुद्ध नाही. दारात दोन लिंब मीच लावलेले आहेत. पण येत्या जूनमध्ये तुमच्या गावाजवळच्या माळावर वृक्षारोपण ठरले, तर त्याआधी एक दिवस एकट्याने त्या माळावर जा. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. रेडिओ, फोन घरी ठेवा. कुठले गवत आहे, त्याला मेंढपाळ काय म्हणतात, कुठली टिटवी कुठे अंडी घालते, दगडाखाली कोण राहते, एवढे फक्त पाहून या. मग ठरवा, तिथे खड्डे खणायचे की नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)