जेवलास का, हे विचारणारे कोणी हवे

(वेलचेरी, चेन्नई येथे दक्षिण रेल्वेतील मराठी कामगारांच्या मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेले भाषण)

कॉम्रेड्स आणि भगिनींनो,

आज मी महागाई भत्ता, ड्यूटी रोस्टर किंवा रिकाम्या जागा यांवर बोलणार नाही. ती लढाई चालूच आहे. आज आपल्या गँगमधल्या एकट्या पडलेल्या पोरांबद्दल बोलायचे आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

विदर्भातला एक मुलगा. त्याने परवानगी दिली म्हणून सांगतो, नाव सांगणार नाही. पदवीधर, भरती झाला ट्रॅक मेंटेनर म्हणून. एक दिवस युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "काका, बदली करून द्या, नाहीतर राजीनामा देतो." मी त्याला नियम सांगितला: स्वतःच्या विनंतीवर बदली घेतली तर सीनियॉरिटी तळाला जाते, आपसी बदलीला जोडीदार लागतो. वर म्हणालो, "मन घट्ट कर, आम्हीही असेच दिवस काढले." वर्गणीची पावती फाडली आणि त्याला वाटेला लावले.

तीन आठवड्यांनी गँगचा मेट म्हणाला, "पोरगा डबा आणत नाही. गाडीची शिट्टी झाली तरी रुळावरून उशिरा बाजूला होतो." रुळावर काम करणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे त्याच्या खोलीवर गेलो. दिवा बंद, चूल थंड. तो म्हणाला, "घरी सांगितलंय की ऑफिसात आहे. पदवी घेऊन हातात कुदळ, कोणत्या तोंडाने सांगू? तीन महिन्यांत मराठीत कोणी दोन शब्द बोललं नाही."

वेलचेरीपर्यंत २००७ पासून लोकल येते. रोज एवढी माणसे इथे उतरतात आणि त्या गर्दीतच हा मुलगा एकटा होता. घरमालकीण आजी रोज विचारायची, "साप्टाचा?" त्याला वाटे, भाडे मागते आहे. तो मान खाली घालून निघून जाई. आजी विचारत होती, जेवलास का! जे तिने रोज विचारले, ते मी सचिव असून एकदाही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला रेल्वेच्या डॉक्टरांकडे नेले. नैराश्याचा आजार निघाला. औषध आणि बोलणे, दोन्ही उपचार झाले. आज तो कामावर आहे.

साथींनो, मी मॅट्रिक झालेला माणूस, डॉक्टर नाही. पण या प्रकरणात जे शिकलो ते सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, आपण निकामी आहोत असे वाटत असेल, तर तो भित्रेपणा नव्हे. तो आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जा. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. मनाने गोळ्या बंद करू नका. आपण रुळावर काम करतो हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण काही गोळ्यांनी गुंगी येते.

पोरे आजार लपवतात, कारण 'अनफिट' ठरून नोकरी जाईल ही भीती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना अपंगत्व आले, तरी सरकारी आस्थापनेला त्या कारणाने कामगाराला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. यात मानसिक आजाराने येणारे अपंगत्वही धरले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा आणि गुप्ततेचा हक्क दिला आहे. कोणी आडवे आले तर युनियन उभी राहील.

२०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त १८ ते ३० वयाच्या आतले होते. म्हणून जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात आला तर त्याच घटकेला बोला: मेटशी, माझ्याशी, किंवा १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर. तिथे मराठीतही बोलता येते. याच चेन्नईत किल्पॉक येथे मनोरुग्णांसाठी जुने सरकारी इस्पितळ आहे.

आणि कुदळीची लाज कशाला? रूळ नीट नसेल तर मेल असो की लोकल, जागची हलत नाही. घरी खरे सांगा. त्या मुलाने सांगितले, तेव्हा बाप फोनवर एवढेच म्हणाला, "कष्टाचंच खातोस ना?"

नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. सुटी अंधाऱ्या खोलीत पडून राहण्यासाठी नसते. म्हणून शाखेने ठरवले आहे: प्रत्येक नव्या सभासदामागे एक जुना सभासद राहील. तो आठवड्यातून एकदा त्याच्या खोलीवर जाईल. महिन्यातून एकदा सगळ्यांची भाकरी एकत्र. तमिळ साथी आपल्याला त्यांची भाषा शिकवायला तयार आहेत. पहिला शब्द तुम्हाला आजच आला: साप्टाचा?

वर्गणीची पावती नंतर फाडू. आधी हे विचारू.

कामगार एकजुटीचा विजय असो!