अंतर तेच, वेळ निराळा

८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आज सुमारे ७,२०० किलोमीटरचे हे अंतर विमान न थांबता साधारणतः नऊ-दहा तासांत कापते. परतताना उंचावरील पश्चिमी वारे पाठीशी असल्याने वेळ बहुधा कमी लागतो.

तिकिटावरील वेळा मात्र त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात लंडनहून रात्री ९ वाजता निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० वाजता मुंबईस उतरतो. वाट पाहणाऱ्या मातेस हा प्रवास साडेचौदा तासांचा भासतो. त्यातून घड्याळांतील साडेपाच तासांचा फरक वजा करावा. उरतात केवळ नऊ तास. एवढे गणित घरोघरी ठाऊक झाले, तर कितीतरी अकारण काळजी टळेल.