दुखण्यातली सोबत



नवरा अंथरुणाला खिळला तर बायकोने उशाशी बसायचे, आणि बायको आजारी पडली तर तिला माहेरी पोचवायचे, ही आपल्याकडची जुनी वहिवाट. चार दिवसांच्या तापाला ती चालून जाते. पण वर्षानुवर्षे चालणारे, अंगावर दिसणारे दुखणे आले, की हीच वहिवाट त्या बाईच्या मुळावर येते. अशाच एका दुखण्याविषयी आज बोलायचे आहे. त्याचे नाव पेम्फिगस. माझ्या पत्नीला ते आहे, म्हणून पुस्तकाबाहेरच्याही दोन गोष्टी सांगेन.

हा आजार विरळा. आपल्या कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, भिंतीतल्या विटा चुन्याने धरून असाव्यात तशा. शरीरात एक राखणदारही असतो. तो बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना मारतो. पेम्फिगसमध्ये हा राखणदारच बिथरतो आणि घरच्याच चुन्यावर तुटून पडतो. विटा सुटतात, मध्ये पाणी साचते, फोड येतो. तो फुटला की खाली भाजल्यासारखी ओली जखम राहते. पुष्कळदा सुरुवात तोंडातून होते. ‘तोंड आलंय, उष्णता झालीय’ असे म्हणत महिने निघून जातात, आणि मग अंगावर फोड उठतात. रुग्णाच्या रक्तातले हे बिथरलेले घटक १९६४ साली अमेरिकेत बॉयटनर आणि जॉर्डन या दोघांनी दाखवून दिले.

तेव्हा पहा, हा जंतूंचा रोग नव्हे. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी निजल्याने तो लागत नाही. तो देवीचा कोप नाही, नागीण नाही आणि कुष्ठरोगही नाही. पण गावाला कोण समजावणार? आमच्याकडेही हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. मी कोणाशी वाद घातला नाही. जखमा सुकल्यावर घरी सत्यनारायण केला आणि प्रसाद तिच्याच हातून वाटला. काही जणींनी घेतला, काही उंबऱ्यातूनच परतल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्याही काही आल्या. नवऱ्याने चारचौघांत बायकोच्या हातचे खाल्ले, तर तेवढ्याने जे काम होते ते व्याख्यानाने होत नाही.

कायद्याचेही ऐका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. कुष्ठरोग औषधाने बरा होतो, म्हणून २०१९ साली संसदेने ते कारण काढून टाकले. जो रोग जंतूंनी होतो त्याच्यासाठीही कायदा आता संसार मोडू देत नाही. मग जो लागतच नाही, त्याच्यासाठी बाईला माहेरची वाट का दाखवावी?

आता नवऱ्याने करायचे काय? पहिले काम, लवकर दाखवायचे. तोंडातल्या जखमा दोन-तीन आठवड्यांत भरल्या नाहीत, तर अंगारा-धुपारा आणि झाडपाल्याचा लेप सोडा आणि त्वचारोगाचे डॉक्टर गाठा. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे. कातडीचा छोटा तुकडा काढून तपासला की निदान होते.

दुसरे काम औषधाचे. १९५० च्या सुमारास स्टिरॉइडची औषधे आली. त्याआधी या आजाराचे बहुतेक रुग्ण दगावत. पुढे १९८० नंतर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचा यांनी महिन्यातून तीन दिवस शिरेतून मोठी मात्रा देण्याची पद्धत रुळवली. आता रिटुक्सिमॅब हे औषधही मिळते. पण फोड गेले म्हणून मनाने गोळ्या बंद करणे फार धोक्याचे. या औषधांनी साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, तेव्हा तपासण्या चुकवू नका. ताप आला किंवा जखमेला पू धरला तर त्याच दिवशी निघा. मूल हवे असेल तर तेही डॉक्टरांना आधीच मोकळेपणाने सांगा. काही औषधे त्याला बाधक असतात. मी एक वही ठेवली आहे. तारीख, गोळी, नवे फोड किती, वजन किती, एवढेच त्यात लिहितो. डॉक्टर आधी ती वही मागतात.

तिसरे काम घरातले. तोंड सोललेल्या माणसाला ठेचा आणि कडक भाकरी कशी चालेल? भाताची पेज, मऊ खिचडी, दुधात चांगली भिजवलेली भाकरी द्यावी, आणि ती गार करून द्यावी. हे पुरुषालाही जमते बरं का! चादर जखमेला चिकटते आणि ओढताना जीव जातो. केळीचे पान चिकटत नाही. मुंबईला शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र ती पाने निर्जंतुक केलेली असतात. घरी वापरायची तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि चौथे, तिला नुसते बसवून ठेवू नका. झेपेल ते काम तिच्याकडे राहू द्या, घरातल्या निर्णयात तिचे मत घ्या. ‘कशी दिसतेस’ हे बोलू नका, ‘आज जेवण गेलं का’ हे विचारा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. तुमच्या वर्गात अशा आईचे मूल असेल, तर त्याच्या शेजारी कोणी बसेनासे होईल. त्या दिवशी पाठ बाजूला ठेवा आणि राखणदार बिथरल्याची ही गोष्ट मुलांना सांगा. मुले ती घरी नेतील, आणि मोठ्यांना आपण जे सांगू शकत नाही ते त्यांच्या तोंडून ऐकले जाईल.