रिपोर्ट चांगला आला म्हणून…



सेक्रेटरींनी पाचच मिनिटं दिली आहेत, तेव्हा माझी एकच चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. नंतर हॉस्पिटलात कार्डिॲक रिहॅबला जायचो. नाडी, बीपी बघत ट्रेडमिलवर चालवायचे. आहारतज्ज्ञ बाईंनी सौ.ला विचारलं, महिन्याला घरात तेल किती लागतं? दोघांनाही सांगता येईना. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले, घरच्या तेलाचा हिशेब नाही!

चार महिन्यांनी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६२ आलं. मी खूश. आता गोळी कशाला? कुणाला न सांगता स्टॅटिन बंद केली. पुढच्या तपासणीत आकडा ११८. लॅबच्या कागदावर १३० पर्यंत चालतं असं छापलेलं, म्हणून वर डॉक्टरांशी वादही घातला. ते म्हणाले, "काका, ती मर्यादा निरोगी माणसाची. तुमचं ७० च्या आत हवं, जमल्यास ५५ च्या. ६२ आलं ते गोळी चालू होती म्हणून." बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच बनवतं, नुसती तुपाची बरणी लपवून भागत नाही, हेही तेव्हा कळलं.

आता गोळी रोज. पाय फार दुखले तर डॉक्टरांना विचारतो, परस्पर बंद करत नाही.

बागेतल्या बाकावर आपल्यातलेच दोघे-तिघे "रिपोर्ट नॉर्मल, गोळी सोडली" असं सांगतात. नावं घेत नाही. त्यांनी उद्याच डॉक्टरांना फोन करावा. आणि सकाळी साडेसहाला मी गेटपाशी असतो, चालायला या.