मेंदूचे चुंबकत्व आणि संगणकाचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने पगारावर बोलावे, मेंदूच्या चुंबकत्वावर कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयात अधिक झाले. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. पण जो विषय मजुराच्या भाकरीपर्यंत पोचतो तो आमचाच, असे आम्ही मानतो.

मेंदूतील पेशींचा व्यवहार विजेच्या सूक्ष्म प्रवाहांनी चालतो, आणि वीज वाहते तेथे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. एकट्या पेशीचे क्षेत्र डोक्याबाहेर कोणाला जाणवत नाही. हजारो पेशी एकाच वेळी, एकाच दिशेने चालल्या म्हणजे मात्र ते मोजता येते. संघटनेचे तत्त्व येथेही लागू आहे म्हणा ना! तरीसुद्धा हे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून सुमारे दहा कोटी पट दुबळे असते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय मापन १९०४ साली अलिबागला न्यावे लागले, आणि तेथे मोजायचे होते ते तर पृथ्वीचे बलवान क्षेत्र. मग मेंदूसाठी केवढा बंदोबस्त लागेल! डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली हे क्षेत्र प्रथम मोजले, ते बाहेरचे चुंबकत्व अडविणाऱ्या खोलीत. १९७२ साली त्यांनी त्यासाठी स्क्विड नावाचा अतिसूक्ष्म मापक वापरला. तो उणे २६९ अंशांच्या द्रवरूप हेलियममध्ये ठेवावा लागतो. पुढे असे सुमारे तीनशे मापक शिरस्त्राणासारखे डोक्याभोवती बसविणारी यंत्रे झाली.

मापन झाले, पण डोक्यातील कोणत्या जागेतून प्रवाह निघाला हे मापक सांगत नाही. आपल्याकडचे उदाहरण घ्या. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू, दोहींचे पाणी शेवटी उल्हास नदीत जाते. कसाऱ्याकडे इतका आणि माळशेजकडे इतका पाऊस पडला हे ठाऊक असेल, तर कल्याणला पाणी किती चढेल याचा हिशेब मांडता येतो. पण कल्याणच्या काठी उभे राहून नुसत्या पुरावरून पाऊस कोठे पडला हे कसे सांगणार? निरनिराळ्या पावसांनी तोच पूर येऊ शकतो. विजेच्या प्रवाहांबाबत हीच अडचण हेल्महोल्त्झ या शास्त्रज्ञाने १८५३ साली दाखवून दिली होती.

यावर उपाय म्हणून संगणकात डोक्याचे गणिती प्रतिमान रचतात. एमआरआयच्या चित्रावरून रोग्याच्या मेंदूचा व कवटीचा आकार घेतात. अमुक ठिकाणी प्रवाह आहे असे धरून बाहेर किती क्षेत्र पडेल ते काढतात आणि प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहतात. कवटी विजेला जेवढी अडविते तेवढी चुंबकीय क्षेत्राला अडवीत नाही, हा येथे मोठा लाभ. तथापि 'प्रवाह एकाच लहान जागी आहे' किंवा 'एकूण प्रवाह कमीत कमी आहे' असे काही तरी गृहीत धरावेच लागते, आणि गृहीत बदलले की उत्तरही बदलते. म्हणून संगणकाला आम्ही एकच विचारू : बाबा, तू काय धरून चाललास ते आधी सांग.

हा प्रश्न फुकाचा नाही. फेफऱ्याच्या ज्या रोग्यांना औषधे लागू पडत नाहीत, त्यांतील काहींच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. झटका कोठून सुरू होतो हे शोधण्यास हे मापन साहाय्य करते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ते होऊ लागले. या हिशेबावर सुरी चालायची असते. म्हणून जाणते डॉक्टर इतर तपासण्यांशी तो पडताळून घेतात.

आता आपल्या गावांकडे वळू. आजही झटका आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा वहाण लावतात, मग भगताकडे नेतात. आमच्या एका सभासदाला यंत्रापाशी झटका आला. मालकाने दुसऱ्याच दिवशी त्याचा हिशेब चुकता केला. तो भट्टीवर गेला, तेथेही टिकला नाही. वस्तुतः अशा माणसाला यंत्र, उंची आणि पाणी यांपासून दूरचे काम देता येते. विवाहाच्या कायद्यातूनसुद्धा अपस्माराची अट १९९९ साली काढून टाकली गेली. कायद्याला जे उमगले ते कारखान्याच्या फाटकाला का उमगू नये?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट निदान व उपचार मिळाले तर शंभरांतील सत्तर रोगी झटक्यांवाचून जगू शकतात. त्यांना तीनशे मापकांचे यंत्र लागत नाही. रोजची गोळी लागते, ती न चुकता मिळावी लागते. डोळखांब-टोकावड्याच्या माणसाला ती जवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावी आणि झटक्यापायी त्याची रोजी जाऊ नये, एवढी मागणी आपण एकत्र येऊन करू या. ज्यांना गोळी पुरत नाही त्यांना बंगळूर-दिल्लीची वाट दाखविणे हेही मग आपलेच काम ठरेल.