आळस कीं रक्तक्षय?

श्रोतेहो, वयांत येणारी मुलगी जिना चढतांना धापा टाकूं लागली, अभ्यासांत तिचें लक्ष लागेनासें झालें, कीं घरांत आणि शाळेंत निदान ठरलेलें : आळस! शिक्षकाच्या पेशांत हा शब्द मीं पुष्कळदां ऐकला. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या भारतीय मुलींपैकीं शेंकडा ५९ जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. वाढतें वय व मासिक पाळी यांमुळें शरीरांतील लोह खर्च होतें. तें घटलें कीं रक्त प्राणवायु पुरेसा वाहून नेत नाहीं आणि शीण येतो.

यास्तव पालेभाज्या, कडधान्यें, अळिवाचे लाडू आहारांत असावेत. भाजीवर लिंबू पिळावें. जेवणासोबत चहा मात्र नसावा, कारण तो अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. परंतु १०० मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षां कमी भरलें, तर केवळ आहारावर विसंबूं नये. डॉक्टरांच्या सल्ल्यानें लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

मुलींनो, थकवा लपवूं नका. आपल्या शरीराची जाण ठेवण्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. आणि पालकहो, मुलीला बोल लावण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्या.